ज्योत पुढं, टेम्पो मागं

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला रात्री साताऱ्याहून कुठंही जायचं असेल तर तासभर आधी निघावं. रस्ते खराब असतात म्हणून नव्हे. ते बाराही महिने असतात. त्या रात्री रस्त्यावर इतिहास पळत असतो आणि त्याला ओव्हरटेक करायचं नसतं. पुढं एक पोरगं मशाल घेऊन, त्याच्या मागं भगव्या टी-शर्टातली दहा-पंधरा पोरं, त्यांच्या मागं सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली आणि सगळ्यांच्या मागं टेम्पो. टेम्पोत जनरेटर, जनरेटरवर स्पीकर, स्पीकरला टेकून पाण्याचे बॉक्स आणि बॉक्सवर झोपलेला मंडळाचा खजिनदार. याला शिवज्योत म्हणतात.

गडावरून पेटती मशाल आणायची आणि शिवजयंतीच्या सकाळी ती पळत पळत गावातल्या पुतळ्यापर्यंत पोचवायची, एवढाच कार्यक्रम. साताऱ्याकडची मंडळं प्रतापगड, सज्जनगड, अजिंक्यतारा यांतला एखादा गड धरतात. सांगलीकडची पन्हाळ्याला जातात. ज्यांचा टेम्पो घरचा आहे ती रायगड गाठतात. किल्ला जितका लांब तितकं मंडळ मोठं, हा हिशेब सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळं खरी पंचाईत होते सातारा शहरातल्या पेठांची. अजिंक्यतारा त्यांच्या डोक्यावरच उभा आहे, गॅलरीत दात घासताना दिसतो. तिथून ज्योत आणली तर गावाकडचा पाहुणा विचारणार, "चालत गेलतासा का रिक्षानं?" म्हणून पेठेतली पोरं घरासमोरचा किल्ला तिथंच ठेवून घाटापलीकडचा किल्ला गाठायला निघतात, आणि परतताना त्यांना घाटापलीकडून अजिंक्यताऱ्याकडं निघालेली पोरं भेटतात. दोन्हीकडून 'जय शिवाजी' होतं, मशालीला मशाल दाखवली जाते आणि दोन्ही टेम्पो एकमेकांना पुढं जाऊ देण्यात पंधरा मिनिटं घालवतात.

मशालीचं शास्त्र फार जुनं नाही. लोखंडी पाइप, वरच्या टोकाला जाळीची वाटी, वाटीत तेलात भिजवलेल्या चिंध्या. वेल्डिंगवाला मजुरी घेत नाही, टी-शर्टाच्या पाठीवर दुकानाचं नाव छापून घेतो. पूर्वी रेशनचं रॉकेल असायचं. ते बंद झाल्यापासून टेम्पोच्या टाकीतलं डिझेल. खरी अडचण चिंध्यांची. चिंधी सुती पाहिजे. हल्ली घरात जुनं सुती कापड शोधावं तर आजीचं लुगडं तेवढं सापडतं, आणि आजी ते अजून नेसते. मग टेरिकॉटची पँट फाडतात. टेरिकॉट पेटतं झकास, पण थेंब थेंब गळतं. ते थेंब कुठं कुठं पडले हे पळणाऱ्याच्या मनगटावर पुढं वर्षभर वाचता येतं, आणि तो ते दाखवतोही.

पहिल्या शंभर मीटरला मशाल धरायला भांडणं होतात, कारण मोबाइलवाले तिथंच उभे असतात. आंबेनळी घाटाची चढण लागली की भक्ती हळूहळू टेम्पोत बसायला लागते. पण प्रत्येक मंडळात पोलीस भरतीची नाहीतर सैन्यात जायची तयारी करणारा एखादा पोरगा असतो. रोज पहाटे तो तसाही पळतोच. अख्खी ज्योत खरं म्हणजे तोच आणतो. फरक एवढाच की त्या रात्री त्याच्या हातात मशाल असते आणि मागं कुणीतरी शिट्ट्या मारत असतं. पुतळ्यापाशी पोचताना मात्र मशाल अध्यक्षांच्या हातात असते. हे कसं घडतं ते कुणाला दिसत नाही.

महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी फेब्रुवारीत रात्री जो वारा सुटतो त्याला इतिहासाचं काही सोयरसुतक नाही.

"इझली."

"कोण म्हणलं इझली? निखारा हाय की आत."

"निखारा न्हाई त्यो. पाइप तापलाय."

इथं दोन पंथ पडतात. कर्मठांचं म्हणणं, ज्योत गडावरची आहे, विझली तर परत गडावर जाऊन आणली पाहिजे. हे म्हणणारे नेमके टेम्पोत बसलेले असतात. दुसरा पंथ खिशातून लायटर काढतो आणि विचारतो, महाराज काय लायटर बघत बसणारेत व्हय? तेवढ्यात खजिनदार जागा होतो आणि बॉक्सच्या मागून कंदील काढतो. गडावर देवीपुढं ज्योत पेटवली तेव्हाच त्यानं गुपचूप एक कंदील लावून घेतलेला असतो. बोलत नाही, वर्गणीचा हिशेबही देत नाही, पण मंडळ चालतं ते अशा माणसांवर.

या कंदिलाला हसणाऱ्यांनी ऑलिंपिकवाल्यांकडं बघावं. मशाल हातोहात पळवत आणायची ही ऑलिंपिकची प्रथा प्राचीन ग्रीसची म्हणून आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात ती १९३६ सालच्या बर्लिन स्पर्धेपासूनची, नाझी राजवटीतली. १९७६ साली माँट्रियलला पावसानं मुख्य ज्योत विझली तेव्हा तिथल्या एका माणसानं सिगारेटच्या लायटरनं ती पेटवून टाकली. मग वरिष्ठांची धावाधाव झाली. लायटरची ज्योत विझवून राखून ठेवलेल्या मूळ ज्योतीवरून पुन्हा पेटवली गेली. म्हणजे कॅनडातसुद्धा शेवटी कंदीलवाल्या खजिनदारानंच अब्रू राखली.

सकाळी ज्योत गावात येते, बायका औक्षण करतात, ढोल वाजतो, आणि तीन आठवड्यांनी, कधी महिन्यानं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं. कारण तोवर तिथीनं शिवजयंती आलेली असते.

महाराजांचा जन्म कधी झाला या प्रश्नावर महाराष्ट्राइतका अभ्यास कुणी केला नसेल आणि अभ्यासाचा इतका परतावा कुणाला मिळाला नसेल. टिळकांनी १८९६ साली रायगडावर उत्सव केला तो वैशाख शुद्ध द्वितीयेच्या सुमाराला, कारण तेव्हा जन्मसाल १६२७ धरत. पुढं त्यांनीच जेधे शकावली छापली आणि तिच्यात निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १६३०. उत्सव सुरू करणाऱ्यानंच उत्सवाची तारीख मोडीत काढणारा कागद छापावा, याला फार मोठं मन लागतं. मग वाद. सरकारनं १९६६ साली समिती नेमली. समिती नेमल्यावर पस्तीस वर्षं विचार करून २००१ साली सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पक्की केली. ज्यांना तारीख पटली ते एकोणीसला करतात, ज्यांना तिथी पटते ते फाल्गुन वद्य तृतीयेला करतात, आणि सुट्टी एकाच दिवशी असल्यामुळं दुसऱ्या दिवशीची मंडळी रजा टाकतात.

यात एक आतली गोष्ट आहे, ती हळू आवाजात सांगतो. १९ फेब्रुवारी ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची आहे. ते पंचांग चुकतंय असं लक्षात आल्यावर १७५२ साली खुद्द इंग्रजांनीच ते टाकून दिलं आणि अकरा दिवस गिळून नवं घेतलं. आजच्या कॅलेंडरनं मोजलं तर १६३० सालचा तो दिवस १ मार्चला येतो. हे एखाद्या मंडळाच्या कानावर गेलं तर तिसरी जयंती आणि तिसरी वर्गणी अटळ आहे. तेव्हा वाचून झाल्यावर हा परिच्छेद विसरावा.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती वेगळीच. तारखेवर गावाचं एकमत नाही, पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर नाही, प्रमुख पाहुणा कोण यावर तर कधीच नाही. पण मशाल पाहिजे यावर दोन्ही मंडळांत एका शब्दाचा वाद झालेला मी ऐकलेला नाही. दोघांना मशाल वेल्डिंग करून देणारा माणूसही एकच. इतिहास वादाचा, जाळ एकमताचा.

आणि हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत जॉन अ‍ॅडम्सनं ३ जुलै १७७६ ला बायकोला पत्र लिहिलं की आमची पोरंबाळं हा दिवस शेकोट्या आणि रोषणाई करून कायम साजरा करतील. भाकीत अक्षरशः खरं ठरलं. फक्त त्यानं लिहिलेला दिवस दोन जुलैचा होता, कारण स्वातंत्र्याचा ठराव त्या दिवशी झाला. लोकांनी जाहीरनाम्याची चार जुलै धरली. तिथंही तिथी आणि तारीख. पण शेकोट्यांबद्दल बिचाऱ्याचा अंदाज तसूभर चुकला नाही.

इंग्रजांचं तर याहून पुढचं. १६०५ साली पाच नोव्हेंबरला त्यांच्या पार्लमेंटच्या तळघरात दारूची छत्तीस पिंपं सापडली. राजासकट सगळं उडवायचा बेत होता, गाय फॉक्स नावाचा इसम पिंपांपाशी पकडला गेला आणि बार काही उडाला नाही. बार उडाला नाही या आनंदात ते चारशे वर्षं बार उडवताहेत. दर साली त्या दिवशी देवाचे आभार मानावेत असा कायदाच केला होता. तो १८५९ साली रद्द झाला, चर्चमधली प्रार्थना गेली. होळी तेवढी राहिली. पोरं फॉक्सचं बाहुलं करून दारोदार पैसे मागायची आणि रात्री ते जाळायची. आमच्याकडं होळीला पोरं शेजारणीच्या गोवऱ्या पळवतात. ती निदान पैसे तरी मागत नाहीत.

आता कुणी म्हणेल, जाळ ठीक, पण फटाका आपला नाही. हा मुद्दा मांडणाऱ्यानं नाथांशी बोलावं. एकनाथांनी १५७१ साली काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं आणि त्यातल्या लग्नात श्रीकृष्णाला शोभेच्या दारूकामाची वरात दिली. द्वापारयुगात दारू कुठली, असा प्रश्न नाथांना पडला नाही आणि ऐकणाऱ्यांनाही पडला नाही. देवाचं लग्न आहे आणि बार नाही, हे कसं दिसेल? पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, त्यात हे सगळं दाखले देऊन सापडतं. पेशव्यांच्या बखरीतली गोष्टही तिथं आहे. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगितलं, की तिथं दारूची लंका करतात आणि हनुमान शेपटीनं ती पेटवतो. ऐकून सवाई माधवरावांनी हट्ट धरला आणि तशी लंका पर्वतीच्या पायथ्याशी जळाली. राज्यकारभार नाना फडणवीस बघत होते. लंकेपुरता तरी हुकूम पोराचा चालला, हेही काही थोडं नाही.

पण बार कुणाचाही चालत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीला सरकारनं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची आतषबाजी केली. लाटसाहेबांच्या बंगल्यावर जेवणावळ, रोषणाई, सगळं यथासांग. त्यातलं आज कुणाला काय आठवतं? आठवतो तो परतीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेला बार. वर्गणी न मागता केलेल्या दारूकामाची ही गत होते.

वर्गणी मागून केलेलं बघायचं असेल तर दसऱ्याच्या रात्री सांगलीहून तासगावकडं निघावं. वाटेत कवठे एकंद लागतं. लागतं म्हणजे त्या रात्री ते आधी ऐकू येतं, मग दिसतं आणि सगळ्यात शेवटी वासानं कळतं. सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्या वाटेवर गावातली मंडळं रात्रभर दारूकाम करतात, पार उजाडेपर्यंत. औट, शिंगटं, झाडकाम अशी एकेका प्रकाराची नावं आहेत आणि प्रत्येक नावामागं घराणी आहेत. दुकानातून खोका आणला आणि वात लावली असला हा प्रकार नव्हे. सोरा, गंधक आणि कोळसा आणायचा, कुटायचा, चाळायचा, ठासायचा. सोरा जास्त, गंधक-कोळसा कमी, एवढं शाळेच्या पुस्तकातही आहे. पण कुणाचा कोळसा कुठल्या लाकडाचा आणि लोखंडाचा कीस किती बारीक, हे ज्याचं त्याला माहीत, आणि ते तो जावयालासुद्धा सांगत नाही. बायकोला माहीत असतं, कारण चाळायला तीच बसते.

एखाद्या शिंगटाजवळ उभं राहून बघावं. धरणाऱ्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात जाड सदरा, पायात मात्र साधी चप्पल. वात घेते तेव्हा क्षणभर काहीच होत नाही आणि सगळे एक पाऊल मागं सरतात; तो सरत नाही. मग सोनेरी ठिणग्यांचा झोत पुरुषभर उंच उठतो आणि तोंडं पिवळी दिसायला लागतात. धूर इतका की शेजारचा माणूस आवाजावरून ओळखायचा. झोत संपला की तो शिंगट खाली ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "पलीकडच्यांचं किती टिकलं?" सिद्धराजाची सेवा आहेच, ती कुणी नाकारत नाही. पण पलीकडच्या मंडळापेक्षा दोन श्वास जास्त टिकलं पाहिजे, ही सेवेची खरी कसोटी.

सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०१५ सालच्या मे महिन्यात याच गावातल्या फटाक्याच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. परवाने, अंतरं, पोलीस बंदोबस्त यांची चर्चा दर दसऱ्याला होते आणि व्हायलाच हवी. मी विचार करतो तो असा, की इतकं होऊनही गाव पुढच्या दसऱ्याला पुन्हा रस्त्यावर येतं. विजयादशमी कुणाच्या विजयाची हे विचारलं तर कोणी राम म्हणेल, कोणी देवी म्हणेल, कोणी पांडवांची शमी म्हणेल. एक म्हातारे तर मला म्हणाले, "कुणाचा का असंना, जिकलंय ना कुणीतरी?" याच्यापुढं इतिहास संशोधक काय बोलणार?

आमच्या भागात कारण विचारायची पद्धतच नाही. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. बोरीचा बार. कशासाठी, तर आधीपासून देतात म्हणून. गावोगावच्या भैरवनाथाच्या यात्रेची पत्रिका बघा. पहाटे अभिषेक, दुपारी निकाली कुस्त्या, रात्री नऊला छबिना व शोभेचं दारूकाम, तद्नंतर लोकनाट्य. भैरवनाथानं कुठली लढाई कधी मारली, हे पत्रिकेत नसतं. दारूकामाचे देणगीदार मात्र नावानिशी असतात.

आता उलट बाजू. ज्या सणांना जाळ नाही त्यांचं काय होतं?

पंधरा ऑगस्ट. देशाचा सगळ्यात मोठा दिवस. सकाळी साडेसातला पांढऱ्या गणवेशातली पोरं मैदानात उभी, ऊन नाहीतर पाऊस, एक भाषण, एक पाहुणा, एक चक्कर येऊन पडणारी मुलगी. मग जिलबी. पश्चिम महाराष्ट्रात स्वातंत्र्य म्हणजे जिलबी, हे समीकरण कुणी घातलं माहीत नाही, पण मिठाईवाल्यांच्या दारात त्या सकाळी जी रांग लागते ती मैदानातल्या रांगेपेक्षा लांब असते आणि जास्त शिस्तीची. साडेनऊला मोठी माणसं जिलबी घेऊन घरी आणि लहान मोठी सगळी दुपारी कासच्या वाटेवर, ट्रॅफिकमध्ये. हे सातारा-सांगलीत व्हावं याचं वाईट वाटतं, कारण आग आणि स्वातंत्र्य यांचा संबंध इथल्या माणसांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको होता.

१९४२ ला हा बहुतेक सगळा भाग एकच सातारा जिल्हा. ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं आणि सप्टेंबरात इथं मोर्चे निघाले. तीन तारखेला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला, नऊला वडूजला आणि दहाला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. मग गावं पेटली. चावड्या जळाल्या, डाकबंगले जळाले, तारा तुटल्या. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, कुंडलला तुफान सेना तयार झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तिनं पगाराची आगगाडी लुटली. जुलैत वसंतदादा सांगलीच्या तुरुंगातून तट उतरून पळाले. इंग्रज सरकारला चार वर्षं झोप लागू दिली नाही ती या दोन जिल्ह्यांनी. आणि त्या माणसांच्या नावानं आपण आज काय करतो? नऊ ऑगस्टला सकाळी हुतात्मा स्मारकावर हार घालतो. दहा-बारा माणसं, एक तहसीलदार, दोन फोटोग्राफर. ज्यांनी खरोखर जाळलं त्यांना झेंडूचा हार, आणि ज्यांच्या काळात मशाल हे फक्त रात्रीचं दिसण्याचं साधन होतं त्यांच्यासाठी टँकरभर डिझेल.

अर्थात याला थोडे जबाबदार प्रतिसरकारवालेही आहेत. त्यांनी गांधी-लग्नं लावली. बँड नाही, जेवणावळ नाही, दारूकामाचं तर नाव नाही. एका हारात दोघांचं लग्न. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना त्यानं वाचवलं, हे खरंच. पण वरातीत बार उडवू न देणाऱ्या सरकारची जयंती लोक बार उडवून कशी करणार? आज त्याच गावांतून वरात निघते तेव्हा नवरदेवाच्या घोड्यापुढं पाच हजारांची माळ लावतात, घोडा बिथरतो आणि नवरा उडी मारायची की नाही हे ठरवेपर्यंत मिरवणूक मांडवात पोचलेली असते.

माझं मत विचाराल तर, भाषण आणि हार यांनी सण टिकत नाही याचं कारण त्यात करायला काही नसतं. भाषणाला एक बोलणारा लागतो आणि बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं असतं. हार घालायला एक हात पुरतो, आणि तो कुणाचा यावरून भांडण होतं. जाळाचं तसं नाही. लाकूड कुणीतरी आणलं पाहिजे, तेल कुणीतरी ओतलं पाहिजे, वाऱ्याच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, पोरांना कुणीतरी मागं ओढलं पाहिजे आणि पहाटे राख कुणीतरी झाकली पाहिजे. शाळेत पहिल्या बाकावर ज्याला कधी बसवलं नाही त्याला इथं पहिल्या रांगेत जागा मिळते, कारण पेटवायचं कसं ते त्यालाच येतं. वर्गणी न देणारे असतात. बघायला न येणारा मात्र अजून मी बघितलेला नाही. खिडकीतून का होईना, तो बघतोच.

एका मंडळाच्या पोराला मी विचारलं, ज्योत कशाला, पुतळ्यापाशी नुसतं व्याख्यान ठेवलं तर नाही का चालणार?

"चालंल की," तो म्हणाला. "पण व्याख्यानाला माणसं न्हाईत येत. आन माणसं न्हाई आली तर फुडल्या वर्षी वर्गणी कुणाकडं मागायची?"

समाजशास्त्राचे ग्रंथ यापलीकडं फारसं काही सांगत नाहीत, आणि याला वेळ कमी लागतो.

प्रतापगडावर तर या सगळ्या हिशेबाला आता नियमच बसला आहे. अफजलखानाचा वध १६५९ सालच्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा, त्याचा शिवप्रतापदिन गडावर तिथीनं होतो. १९५७ साली ३० नोव्हेंबरला नेहरूंनी तिथं महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण केलं; ते काय बोलले ते आज फारसं कुणी सांगत नाही, संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी त्यांना काळी निशाणं दाखवली ते सगळे सांगतात. पण रात्रीच्या गर्दीचा विचार केला तर या दोन्हींवर मात करतो तो नवरात्रातला मशाल महोत्सव. चतुर्थीच्या रात्री गडावर मशाली पेटतात, भवानीच्या मंदिरापासून बुरुजापर्यंत. आणि मशाली किती, तर १६६१ साली देवीची स्थापना झाली तेव्हापासून जितकी वर्षं लोटली तितक्या. दर साली एक वाढते.

हा नियम ज्यानं काढला त्याला माझा दंडवत. समिती नको, अभ्यास नको, तिथी-तारखेचा वाद नको. वयात एक मिळवा आणि पाइप वेल्ड करा. फक्त पुढचा विचार कुणी केलाय का, ते बघायला हवं. २६६१ साली गडावर हजार मशाली लागतील. बुरुज तेवढाच, तट तेवढाच, वाट तर आधीच अरुंद. एवढ्या मशालींचं डिझेल घाट चढवून आणायचं तर टेम्पो किती लागतील? मंडळाच्या त्याच पोराला हाही प्रश्न विचारला. त्यानं मोबाइल काढला, आकडा टाकला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "तवर इलेक्ट्रिक टेम्पो आल्याला असतोय. डिझेल आपलं कॅनमधनं न्यायचं."